तिसरी रात्र

(पोलादपूर तालुक्यातील एका वाडीत परिचारिकेने केलेले भाषण)



मी परिचारिका. तुम्ही आम्हाला सिस्टर म्हणता. दारू वाईट, हे सांगायला मी आलेली नाही. ते तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. दारू एकाएकी तुटली की काय होते, ते सांगते.

पावसाळ्याचे दिवस होते. महाडकडच्या एका दवाखान्यात मी रात्रपाळीला होते. बांधावरून घसरून पाय मोडलेला एक गडी आला. सोबत म्हातारी आई आणि बायको. डॉक्टरांनी विचारले, "दारू घेतो का?" आई म्हणाली, "नाय हो, माजा पोर शिवत पन नाय." बायको खाली मान घालून उभी. मीही तिला बाजूला घेऊन विचारले नाही. ती माझी चूक.

दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले. घाम सुटला. आम्हाला वाटले, पाय दुखतो. तिसऱ्या रात्री तो ओरडत उठून बसला. "चादरीवर मुंग्या! दारात पोलीस!" मुंगी नव्हती, पोलीसही नव्हता. त्याने सलाईनची नळी उपटली. मी हात धरायला गेले, तर कानाखाली अशी बसली की डोळ्यांपुढे अंधारी आली. दोघेजण दोर घेऊन धावले. आई म्हणे, "भगताला बोलवा."

मला राग आला. का येऊ नये? पण तो माणूस भ्याला होता, हेही दिसत होते. मी गर्दी बाहेर काढली. दिवा चालू ठेवला. हाताच्या टप्प्याबाहेर, बाजूला उभी राहिले. हळू म्हटले, "दादा, मी सिस्टर. तुम्ही दवाखान्यात आहात. वहिनी इथंच आहेत." मुंग्यांवरून वाद घातला नाही. मुंग्या आहेत, असेही म्हटले नाही. "भीती वाटतेय ना? मी इथंच आहे." दहा वेळा तेच.

तेव्हा कुठे बायको बोलली, "बाई, सकाळी उठल्या उठल्या लागते त्यांना. लई वर्षं झाली." डॉक्टरांना हेच कळायला हवे होते. त्यांनी शांत करणारे औषध आणि ब-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले. पहाटे गडी झोपला.

रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय होते. ती एकदम बंद झाली की मेंदू बिथरतो. आधी कंप, कधी फिट, मग दोन-चार दिवसांत असा भ्रम. उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. म्हणून घरात कोंडून दारू सोडवू नका. दवाखान्यात आल्याबरोबर दोन गोष्टी सांगा: रोज किती घेतो, आणि शेवटची कधी घेतली. आई लाजेने लपवते. मग बायकोने सांगावे, भावाने सांगावे.

आणि साखळी? मनोरुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या कायद्याने बंद आहे.

पाय बरा होतो, सवय राहते. तिच्यासाठी पुढे जावे लागते. कशेडी घाट उतरून गेलात की रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालय आहे, वर ठाण्याला आहे. पुण्याला मुक्तांगण आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले. तिथे एके काळी स्वतः पिणारे लोक आज इतरांना सांभाळतात. १४४१६ या सरकारी नंबरावर फुकट बोलता येते, मराठीतूनही.

तो गडी घरी जाताना म्हणाला, "बाई, मी तुमच्यावर हात टाकला म्हणतात. मला काय आठवत नाही." मी म्हटले, "मला आठवतंय. औषध चुकवू नका."

कुणाला चारचौघांत विचारायला संकोच वाटत असेल, तर मी थोडा वेळ देवळाच्या ओट्यावर बसते आहे.