चिठ्ठी आणि फूल



गोदावरीच्या आणि मांजरेच्या काठच्या माणसांपुढे, बाहेर वैशाखाचे ऊन पेटलेले असताना, मेक्सिकोच्या डोंगरकपारीत वाढणाऱ्या एका चिमुकल्या झाडाविषयी बोलायचे म्हणजे जरा धाडसच आहे. परंतु कधी कधी आपल्या अंगणातला प्रश्न दूरच्या उदाहरणाने अधिक स्पष्ट दिसतो. आजचा प्रश्न असा : एखाद्या वस्तूला नावाची चिठ्ठी लावलेली असली, तर ती खरी की खोटी हे ठरवायचे कशावरून?

या झाडाचे नाव पिंग्विक्युला. इंग्रज लोक त्याला बटरवर्ट म्हणतात. 'पिंग्विस' या लॅटिन शब्दाचा अर्थ चरबट. याची पाने लोणी चोपडल्यासारखी मेणचट दिसतात. त्या चिकट रसावर चिलटे अडकतात आणि पान त्यांना हळूहळू पचवून टाकते. १८७५ साली डार्विनने कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, त्यात या झाडावरचे त्याचे प्रयोग आहेत. उत्तर युरोपात लोक याच पानांनी दूध विरजत असत, अशी नोंद लिनियसने करून ठेवली आहे. याच्या सुमारे शंभर जाती ज्ञात आहेत. त्यांतल्या पुष्कळशा मेक्सिकोत होतात, आणि एक पांढऱ्या फुलाची जात आपल्या हिमालयातही आहे.

आता हौशी लोक ही झाडे कुंड्यांतून वाढवतात आणि एकमेकांना देतात. एक पान अलगद तोडून ओल्या मातीवर ठेवले की त्याला नवे रोप फुटते. सोय मोठी आणि घोटाळाही तेवढाच मोठा! पान शेजारच्या कुंडीत पडते, तिथे रुजते, मूळचे झाड मरते आणि नवे मोठे होते. चिठ्ठी मात्र जुनीच राहते. पुढे त्या कुंडीतून दहा जणांना पाने जातात, आणि पानाबरोबर खोटे नावही दहा घरी जाते.

पानावरून चूक ओळखू येत नाही काय? येथेच खरी अडचण आहे. मेक्सिकोतल्या पुष्कळ जातींचे पान ऋतूप्रमाणे रूप पालटते. पावसाळ्यात ते रुंद आणि चिकट असते. कोरड्या दिवसांत त्याच झाडाला लहान, मांसल, दाटीवाटीची पाने येतात आणि ती किडे धरीत नाहीत. ऊन जास्त लागले की रंग तांबूस होतो, सावलीत तो हिरवा राहतो. म्हणजे पान हवामानाची साक्ष देते, कुळाची नव्हे.

कुळाची साक्ष फूल देते. पिंग्विक्युलाच्या फुलाला दोन ओठ असतात, मागे एक पोकळ शेपटी असते आणि आत दोनच पुंकेसर. शेपटी लांब की आखूड, खालचा ओठ कसा विभागलेला आहे, घशाशी केस कसे आहेत, रंगाची नक्षी कशी आहे, एवढे पाहिले की बरेच काही उलगडते. वेझर आणि सेथोस या नावांचे दोन संकर बाजारात आहेत. दोघांचे आईबाप एकाच जातींचे मानतात, आणि पानांवरून त्यांची नेहमी अदलाबदल होते. फूल उमलले की वाद मिटतो. सेथोसच्या जांभळ्या-गुलाबी फुलाच्या मध्यावर पांढरी चांदणी असते. वेझरच्या फुलावर गडद शिरांचे जाळे असते.

हे झाले परदेशचे. पण याच झाडाचे चुलतभाऊ आपल्या महाराष्ट्रात आहेत. साताऱ्याच्या कास पठारावर पावसाळ्यात निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा पसरतो. त्या फुलांना लोक 'सीतेची आसवं' म्हणतात. तीही कीटकभक्षीच. युट्रिक्युलेरिया हे त्यांचे कुळनाम. पण त्यांचे सापळे पानांवर नसून चिमुकल्या फुग्यांच्या रूपाने ओल्या मातीत वा पाण्यात दडलेले असतात. या झाडांच्या नावांचा पसारा एवढा वाढला होता की, क्यू येथील पीटर टेलर यांनी १९८९ साली जगभरचे नमुने तपासून सुमारे नऊशे नावांतून २१४ जाती कायम केल्या. भारतातल्या जातींवर जनार्दनम् आणि हेन्री यांचा ग्रंथ १९९२ साली निघाला.

भारतभरच्या तळ्यांत तरंगणाऱ्या पिवळ्या फुलांच्या दोन जाती घ्या : स्टेलारिस आणि ऑरिया. पाण्याखालची फांदी पाहून त्या वेगळ्या सांगणे कठीण. फुलाचा दांडा पाहावा. स्टेलारिसच्या दांड्याभोवती फुगीर तरंगकांचे चक्र असते, जणू पोहणाऱ्या पोराच्या कमरेचा भोपळाच. ऑरियाला ते सहसा नसते. याच स्टेलारिसला १९६१ साली टेलर यांनी दुसऱ्या एका जातीचा केवळ प्रकार ठरवले होते, आणि १९८९ च्या ग्रंथात पुन्हा स्वतंत्र जातीचा मान दिला. स्वतःचीच चिठ्ठी पुन्हा तपासून बदलणे यात कमीपणा नाही. शास्त्राची प्रतिष्ठा त्यातच आहे.

कोणी म्हणेल, फुलाचे नाव चुकले म्हणून कोणाचे काय बिघडले? मग औषधाच्या दुकानात चला. शंखपुष्पी या एका नावाखाली देशात निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. एकीची फुले पांढरट-गुलाबी, दुसरी निळ्या फुलांची विष्णुक्रांता, तिसरी तर गोकर्णीची वेल. शेतात फुलावर असताना यांत फरक करायला शाळकरी मुलगाही पुरेल. पण एकदा झाड वाळले, कुटले, पुडीत बांधले, की फूल नाहीसे होते आणि चिठ्ठी तेवढी उरते. रोग्याच्या पोटात मात्र चिठ्ठी जात नाही, झाड जाते.

दुसरेही एक कारण आहे. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे तळ्याची किंमत मी सांगायला नको. तळे आटले, गाळाने भरले, म्हणजे त्यातले काय गेले हे सांगायला आधी काय होते त्याची खरी नोंद हवी. डॉ. नाईक यांनी मराठवाड्याच्या वनस्पतींची नोंद १९९८ साली दोन खंडांत ग्रंथबद्ध केली. ते काम पुढे नेणे केवळ पंडितांचे नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांना एवढीच विनंती. मृग बरसला, तळे भरले, की काठावर जा. पान पाहून नाव ठोकून देऊ नका; फुलाची वाट पाहा. सगळे झाड उपटू नका, चित्र काढा, छायाचित्र घ्या. आणि चिठ्ठीवर नावाच्या आधी ठिकाण व तारीख लिहा. नाव चुकले तर पुढचा कोणी दुरुस्त करील; ठिकाण आणि दिवस हरवला तर तो कोणालाच परत आणता येणार नाही.