जुन्या वाड्यांतील न्हाणीघर

सातारा आणि सांगली हीं कृष्णेच्या खोऱ्यांतील दोन जुनीं शहरें. एक अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं उतारावर वसलेलें, दुसरें नदीच्या कांठीं काळ्या जमिनींत उभें राहिलेलें. १७०८ सालीं शाहूमहाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला, आणि १८०१ सालीं चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनीं मिरजेहून निराळें होऊन सांगलीस आपल्या संस्थानाचें ठाणें केलें. दोन्ही शहरांत त्या वैभवाच्या परंपरेंतले कांहीं वाडे अद्याप नांदते आहेत. ओटी, माजघर, देवघर हे भाग मालक बहुधा जसेच्या तसे ठेवूं इच्छितो. बदलाचा विचार प्रथम येतो तो न्हाणीघराचा. आणि जुन्या घराला धोका पोंचतो तोही पुष्कळदां ह्याच लहानशा खोलींतून.

जुनें न्हाणीघर प्रथमदर्शनीं ओबडधोबड वाटतें. परसाच्या बाजूला, घराच्या मुख्य लाकूडकामापासून दूर, दगडी फरशीची एक अंधारी खोली. कोपऱ्यांत तांब्याचा बंब किंवा चुलीवरचा हंडा, शेजारीं घंगाळ, बसावयास पाट, आणि भिंतीच्या बुडाशीं मोरीचें भोंक. मोरींतून गेलेलें पाणी परसांतील केळीला व अळवाला मिळे. वर कौलें, त्यांच्या फटींतून धूर आणि वाफ निघून जाई. ह्या खोलींत सुख बेताचेंच होतें. थंडीच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांना पहांटें उघड्यावरून तिकडे जावें लागे, आणि घरांतील स्त्रियांना हवा तेवढा आडोसा तेथें मिळेच असेंही नाहीं. तेव्हां ती खोली बदलूं पाहणाऱ्या पुढच्या पिढीला कोणीं नांवें ठेवूं नयेत. मात्र त्या ओबडधोबड रचनेंत एक गोष्ट नेमकी साधलेली होती: पाण्याला वाट होती, आणि वाऱ्यालाही वाट होती. नव्या कामांत नेमका ह्याच गोष्टीचा विसर पडतो.

प्रथम भिंतीचा विचार करूं. वाड्याची भिंत बहुधा जोत्यापर्यंत दगडाची आणि वर विटांची किंवा पांढऱ्या मातीची असते. दर्जांत माती, किंवा घाणींत मळलेला चुना. चुनखडी भट्टींत भाजून, निघालेली कळी पाण्यांत विझवली म्हणजे चुना तयार होतो. तो हवेंतील कार्बन-डाय-ऑक्साइड वायु हळूहळू शोषून घट्ट होतो. तरीही त्याचीं सूक्ष्म छिद्रें बुजत नाहींत. म्हणून अशी भिंत पावसाळ्यांत ओल घेते आणि पुढें उन्हांत ती सोडून देते. विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळली असतां तोच चुना ओल्या जागींही चांगला धरतो, हें जुन्या गवंड्यांना ठाऊक होतें.

सिमेंटाचा स्वभाव निराळा. जोसेफ ॲस्पडिन ह्या इंग्रज गवंड्यानें १८२४ सालीं पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट घेतलें. त्याचा आजचा वंशज फार कठीण आणि दाट आहे. मातीच्या भिंतीला त्याचा गिलावा करून वर चकचकीत टाइल्स बसविल्या म्हणजे आंतली ओल आंतच कोंडते. ती वर चढते, शेजारच्या माजघरांत पोपडे सुटतात, आणि भिंतींत रोवलेलीं तुळयांचीं टोंकें कुजूं लागतात. टाइल्स वर्षानुवर्षें झळकत राहतात. तुळई मात्र एके दिवशीं दगा देते. म्हणून अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा द्यावा, अंघोळीच्या जागेपुरता कमरेइतका किंवा खांद्याइतका भाग तेवढा फरशीनें झांकावा, आणि भिंतीची बाहेरची बाजू श्वास घेण्यास मोकळी सोडावी.

ओल येण्याची तऱ्हा मात्र दोन्ही गांवीं सारखी नाहीं. साताऱ्यांत डोंगरांत मुरलेलें पाणी उतारानें घराच्या मागल्या जोत्याशीं येऊन टेकतें. ज्या उतारामुळें कासच्या तलावाचें पाणी शहरांत आणतां आलें, तोच उतार येथें भिंतीला भोंवतो. तेव्हां तेथें भिंतीमागें चर खणून, त्यांत खडी भरून, पाणी बाजूला वळविणें हें पहिलें काम. सांगलींत काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तींत पुरलेल्या नळाचे सांधे निखळतात आणि गळती पायांत मुरते. त्यांतून नदी शेजारीं. १९२९ सालीं खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशीं कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी तेथें ५७ फुटांपर्यंत चढलें. पूर अंगणांत शिरला तर कोणतीच युक्ति चालत नाहीं; पण त्याच्या आधींच गटारें तुंबून घाण पाणी मोरींतून उलटें घरांत येतें, तें अडविणारी झडप सखल भागांतील घरांनीं नळाला अवश्य बसवावी.

आतां कामाचा क्रम. जुनी फरशी उकरण्याआधीं तुळयांचीं टोंकें दाभणानें टोंचून पाहावीं. दाभण सहज आंत गेला तर सुताराला गवंड्याच्या आधीं बोलवावें. न्हाणीघर लाकडी माळ्यावर नेण्याचा मोह टाळावा. हजार लिटर पाण्याची टांकी म्हणजे एक टन भार, आणि शिवाय कोबा व फरशी ह्यांचें वजन निराळें. जमिनीला साठ इंचांस एक इंच तरी उतार असावा. खालचा कोबा झाल्यावर मोरी बंद करून पाणी दोन दिवस तुंबवून ठेवावें, आणि कोठें ओल उमटत नाहीं अशी खात्री झाल्यावरच वरची फरशी बसवावी. ती गुळगुळीत नसावी. ओल्या फरशीवर पाय घसरून वृद्धांचें हाड मोडण्याची भीति असते. खरबरीत शहाबादी फरशी ह्या कामीं उत्तम. मात्र ती चुनखडीच्या जातीची असल्यामुळें आम्लानें धुतल्यास झिजते.

मोरीच्या तोंडाशीं जें वांकडें भांडें बसवितात त्याला भारतांतील प्लंबर आजही ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपली न्हाणी अशी शास्त्रीय परिभाषेंत जाऊन बसली आहे. त्यांतील दोन इंच पाण्याचा पडदा गटाराची दुर्गंधि अडवितो. ही वांकड्या नळाची युक्ति लंडनमधील अलेक्झांडर कमिंग ह्या घड्याळजीनें १७७५ सालच्या आपल्या पेटंटांत वापरली होती. वाडा बरेच दिवस बंद राहिला तर तो पडदा आटतो. घरीं परततांच मोरींत तांब्याभर पाणी ओतलें कीं काम झालें.

शेवटची गोष्ट जिवाची आहे. बंबाचा धूर डोळ्यांना झोंबे, म्हणून माणूस वेळींच बाहेर येई. गॅसच्या गीझरला पुरेशी हवा मिळाली नाहीं तर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निर्माण होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आंतून कडी लावलेलें माणूस हांक मारण्यापूर्वींच बेशुद्ध पडतें. असा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेंतच असला पाहिजे. विजेचा गीझर असल्यास त्याची तार जमिनीशीं नीट जोडलेली असावी, आणि गळती होतांच प्रवाह तोडणारें बटण घरांत असावें. दोन्ही प्रकारांत बंद न होणारा झरोका हवाच.

तेव्हां जुन्या वाड्यांत राहणाऱ्या श्रोत्यांनीं टाइल्सचा रंग निवडण्याअगोदर गवंड्याला तीन प्रश्न विचारावे: पाणी कोठें जाणार, भिंत कोणत्या बाजूनें वाळणार, आणि वारा कोठून येणार? तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक मिळेपर्यंत त्याला फरशीला पहार लावूं देऊं नये.