दुर्बिणीची बैठक

अमेरिकेंत शरद्‌ऋतु आला कीं हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि बंदुकांच्या दुकानांत गिऱ्हाइकांची गर्दी उसळते. रायफलीवर बसवावयाची दुर्बीण निवडतांना हीं गिऱ्हाइकें फार चोखंदळ असतात. कांच कशी आहे, वस्तु किती पट मोठी दिसते, संधिप्रकाशांत नजर पोहोंचते कीं नाहीं, हे सर्व प्रश्न विचारले जातात. परंतु ज्या धातूच्या बैठकीवर ही दुर्बीण बसावयाची, ती मात्र शेवटीं, पैसे चुकते करतां करतां, हाताशीं येईल ती उचलली जाते. पुढच्या निराशेचें मूळ पुष्कळदां येथेंच असतें.

या बैठकीचें काम थोडक्यांत असें आहे. नळीच्या मागील ज्या पोलादी भागांत बोल्ट मागेंपुढें सरकतो, त्यास रिसीव्हर म्हणतात. त्याच्या माथ्यावर स्क्रूंनीं आवळलेली पट्टी ही बैठक. तिच्यावर दोन कडीं आणि त्या कड्यांच्या मिठींत दुर्बीण. दोन कड्यांमध्यें १० सेंटिमीटर अंतर आहे आणि त्यांतील एक कडें मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यानें, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीइतकें सरकलें, असें समजावें. हें प्रमाण हजारास एक असें पडतें. म्हणजे १०० मीटरवर नेम १० सेंटिमीटर चुकतो आणि ३०० मीटरवर ३० सेंटिमीटर. कागदी लक्ष्यावर त्यामुळें फार तर गुण कमी होतील. हरणाच्या बाबतींत मात्र हृदयाचा नेम पोटांत लागतो आणि तो मुका जीव रानांत तडफडत राहतो. बैठकीचा कायमचा थोडा वांकडेपणा दुर्बिणीच्या फिरकीनें सुधारतां येतो; परंतु प्रत्येक बारागणिक हलणारी बैठक कोणत्याहि फिरकीनें सुधारत नाहीं.

म्हणून खरेदी करणारानें पहिला प्रश्न विचारावा तो हा, कीं ही बैठक नेमक्या कोणत्या रायफलीसाठीं घडविली आहे? पुष्कळ रायफलींत रिसीव्हरची पुढची व मागची बाजू सारख्या उंचीची नसते. त्यामुळें एकीची बैठक दुसरीस चालत नाहीं. १८९८ च्या घडणीच्या लष्करी माउझर रायफलींत बोल्टची मूठ उघडतांना उभी होते व दुर्बिणीस अडते. तेथें आधीं मुठीचा आकार बदलून घ्यावा लागतो. १८९४ च्या घडणीची जुनी विंचेस्टर रिकामी पुंगळी सरळ वर फेकते. तिच्या माथ्यावर दुर्बीण ठेवली तर पुंगळीचा मार्गच बंद होतो, म्हणून बैठक बाजूस बसवितात.

दुसरा प्रश्न एकसंध बैठकीचा कीं दोन तुकड्यांच्या बैठकीचा. एकसंध पट्टी अधिक ताठ असते. परंतु ती काडतूस भरण्याच्या तोंडावरून जात असल्यानें बोटांस जागा कमी उरते. दोन तुकडे वजनानें हलके व भरण्यास सोयीचे. मात्र ते एका रेषेंत बसणें अगत्याचें. धातूविषयीं म्हणावयाचें तर ॲल्युमिनियम डोंगर चढणारास हलकें पडतें, आणि जोराचा धक्का देणाऱ्या रायफलीस पोलाद अधिक भरंवशाचें.

तिसरा प्रश्न खांचांचा. विल्यम वीव्हर या अमेरिकन कारागिरानें १९३० सालीं स्वस्त व टिकाऊ दुर्बीण बाजारांत आणली; पुढें त्याच्या नांवाची आडव्या खांचांची बैठक सर्वत्र रूढ झाली. तिची खांच सुमारें ४.६ मिलिमीटर रुंद असते. १९९५ सालीं अमेरिकन सैन्यानें पिकाटिनी नांवाची पट्टी प्रमाण ठरविली. तिची खांच सुमारें ५.२ मिलिमीटर रुंद असून दोन खांचांचें अंतर सर्वत्र सारखें, सुमारें १० मिलिमीटर, ठेवलेलें असतें. वीव्हर पद्धतीचीं कडीं पिकाटिनीवर बहुधा बसतात. उलट मात्र बहुधा घडत नाहीं. कडीं बसवितांना तीं नळीच्या तोंडाकडे ढकलून, आडवा खिळा खांचेच्या पुढच्या भिंतीस टेकवून मगच आवळावीं. कारण बार होतांच रायफल मागें जाते आणि दुर्बीण जागींच राहूं पाहते. मध्यें पोकळी असल्यास कडें तेवढें सरकतें. कांहीं पट्ट्या मुद्दाम पुढें उतरत्या घडविलेल्या असतात. त्या फार दूरच्या नेमासाठीं आहेत. शेदोनशें मीटरवर नेम धरणारानें त्यांच्यासाठीं जादा पैसे मोजण्याचें कारण नाहीं.

उत्तम बैठकहि वाईट हातांनीं बिघडते. स्क्रू लावण्यापूर्वीं भोंकांतील तेल पुसावें, स्क्रू आळीपाळीनें व कारखान्यानें सांगितलेल्या जोरानेंच आवळावेत. बैठक हलत असेल तर कानस न घेतां जाणत्या कारागिराकडे जावें. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यासाठीं निवडक ली-एन्फील्ड रायफलींवर दुर्बिणी चढविण्याचें काम हॉलंड अँड हॉलंड या कारखान्यानें केलें. तेथें रिसीव्हरच्या डाव्या अंगास दोन बैठकी बसवीत आणि रायफलीचा क्रमांक दुर्बिणीच्या पकडीवरहि उमटवीत. जुळलेली जोडी फुटूं नये हा त्यांतील हेतु.

भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा छंद उरला नाहीं. येथील रायफलीचा मान आतां क्रीडांगणावर आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें जगज्जेत्या झाल्या, आणि त्याच जिल्ह्यांतील स्वप्नील कुसळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें. त्या स्पर्धांत दुर्बिणीस परवानगी नसते. बारीक छिद्रांतून पाहून नेम धरावा लागतो. पण तें छिद्रहि रायफलीवर कोरलेल्या खांचेंतच घट्ट बसवावें लागतें. साधन दुर्बिणीचें असो वा छिद्राचें, डोळ्यानें जें पाहिलें तें नळीपर्यंत प्रामाणिकपणें पोहोंचविणारी वस्तु ही बैठकच. तिच्यावरचा खर्च आधीं करावा आणि उरलेल्या पैशांत दुर्बीण घ्यावी.