मोटारीचें पाणी उतूं कां जातें?

वैशाखांतल्या दुपारीं अमरावतीहून अकोल्यास निघालेली मोटार बडनेरा मागें टाकून मूर्तिजापुरास चहासाठीं थांबते, आणि मंडळी खालीं उतरतात न उतरतात तोंच गाडीखालीं पाण्याचा ओघळ दिसूं लागतो. मग तर्कांना ऊत येतो. कोणी म्हणतो टांकी फुटली, कोणी म्हणतो इंजिन गेलें. आणि चालक घाईघाईनें पुढचें झांकण उघडावयास धांवतो. यांतला शेवटचा उद्योग सर्वांत घातक होय. आधीं तें पाणी कोणतें, हें पाहावें. वातानुकूलनाचें यंत्र चालू असतां हवेंतील बाष्पाचें पाणी होऊन तें एका नळीवाटे खालीं गळतें. तें स्वच्छ व वासरहित असतें. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हाळ्यांत तें थोडें आणि पावसाळ्यांत पुष्कळ गळतें. त्यांत भिण्यासारखें कांहींच नाहीं. इंजिनाचें पाणी मात्र बहुधा हिरवें, तांबूस किंवा निळसर असतें, हातास बुळबुळीत लागतें, आणि त्यास गोडसर वास येतो.

इंजिनांत जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकीं, ढोबळ मानानें बोलावयाचें तर, एक तृतीयांश गाडी चालविण्याच्या कामीं येते, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेली धातूंत शिरते. ती वाहून नेणें हें पाण्याचें काम. पंप हें पाणी इंजिनाच्या पोकळ भिंतींतून फिरवितो. तें सुमारें ८२ ते ९० अंश सेल्सियसपर्यंत तापलें म्हणजे थर्मोस्टॅट नांवाची झडप आपोआप उघडते, आणि पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येऊन वाऱ्यानें निवतें. पाणी हा शब्द येथें केवळ रूढीचा. त्यांत बहुधा निम्म्याच्या आसपास ग्लायकॉल असतें, आणि या मिश्रणासच बाजारांत कूलंट म्हणतात.

तापलेला द्रव फुगतो. दूध उतूं जातें तें सायीखालीं कोंडलेल्या वाफेमुळें. मोटारीचें पाणी उकळी न येतांहि नुसत्या प्रसरणानें वर चढतें. सहा लिटर पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांवर गेलें कीं सुमारें पाव लिटरनें वाढतें, आणि ग्लायकॉल मिसळलेलें त्याहून थोडें अधिक. या वाढलेल्या पाव लिटरनें जावें कोठें? त्याच्यासाठींच रेडिएटरच्या शेजारीं ती प्लॅस्टिकची बाटली ठेवलेली असते. अनेक गाड्यांत रेडिएटरच्या झांकणांत दोन झडपा असतात. पहिली, आंतील दाब ठराविक मर्यादेबाहेर गेला म्हणजे उघडते आणि वाढलेलें पाणी बाटलींत सोडते. दुसरी, इंजिन निवूं लागलें म्हणजे तेंच पाणी बाटलींतून परत ओढून घेते. म्हणून सकाळीं कमी दिसणारी बाटली प्रवासानंतर भरलेली दिसावी, हें प्रकृतीचेंच लक्षण आहे. ज्यानें हौसेनें ती गळ्यापर्यंत भरून ठेविली, त्याच्या गाडीखालीं ओघळ यावयाचाच. तेथें दोष गाडीकडे नाहीं. कांहीं नव्या गाड्यांत दाबाचें झांकण रेडिएटरवर नसून बाटलीवरच असतें. त्यांची बाटलीहि तितकीच तप्त आणि तितकीच कोंडलेली समजावी.

दाब कोंडण्याचें कारण स्वयंपाकघरांतील कुकरावरून समजेल. हवेच्या नेहमींच्या दाबाखालीं पाणी १०० अंशांवर उकळतें. झांकणानें त्यावर आणखी एक वातावरणाइतका दाब ठेविला तर तेंच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. वऱ्हाडांत मूर्तिजापुराहून निघणाऱ्या शकुंतला आगगाडीचें वाफेचें इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत चाललें. त्याचा सारा जीव वाफेंत होता. मोटारीच्या इंजिनास मात्र वाफ हा शत्रु. वाफेचा बुडबुडा जेथें बसतो, तेथील धातूस पाण्याचा स्पर्श होत नाहीं. तो भाग बेसुमार तापतो, आणि इंजिनाचा वरचा भाग, ज्यास मिस्त्री हेड म्हणतात, तो वांकतो.

झांकणाची गंजलेली स्प्रिंग किंवा झिजलेलें रबर ही क्षुद्र गोष्ट वाटते. पण तिचा सूड परतवाड्याहून चिखलदऱ्यास चढतांना उगवतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारें १,१०० मीटर उंच आहे, आणि तेथें उघडें पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतें. धडधाकट झांकणास याची फिकीर नसते. निकामी झांकणाच्या गाडीला मात्र घाटांत हळू चालावें लागतें, वारा कमी मिळतो, इंजिनावर भार अधिक पडतो, आणि उकळीची मर्यादा हाताशीं येऊन ठेपते.

अमरावती-अकोला रस्त्याची गोष्ट वेगळी. याच मार्गावर जून २०२२ मध्यें ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्याचा विक्रम गिनेसच्या दफ्तरीं नोंदला गेला. चांगल्या रस्त्यावर भर वेगानें धांवणारी गाडी वाऱ्यानें निवत असते. ४४-४५ अंशांच्या उन्हांत ती एकदम थांबवून इंजिन बंद केलें, कीं पंप थांबतो, वारा थांबतो, पण धातूंतली उष्णता पाण्यांत शिरतच राहते. आणि थांबल्यावरच पाणी बाटलीबाहेर येतें. थांबण्यापूर्वीं एक-दोन मिनिटें इंजिन सावकाश चालूं द्यावें, एवढाच त्याला उपाय. पंखा फिरत नसेल, किंवा रेडिएटरच्या जाळींत धूळ, किडे व कापसाचे तंतु अडकले असतील, तर मात्र हा उपाय पुरा पडत नाहीं. आणि जर थंड इंजिन चालू करतांच बाटलींत बुडबुडे येऊं लागले, धूर पांढरा झाला, किंवा तेल दुधट दिसलें, तर जळणाचा वायु गॅस्केट फोडून पाण्यांत शिरत असल्याचा संशय घ्यावा. अशी गाडी चालवीत नेण्याचा मोह आवरावा. टोचन करून न्यावी.

वऱ्हाडांतील खरें संकट पाणी गेल्यावर सुरू होतें, कारण गेलेल्याच्या जागीं कोणतेंहि पाणी ओतलें जातें. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे; दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर या तालुक्यांतील कित्येक गांवीं विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं. जें माणसाला पिववत नाहीं, तें गाडीला मात्र निःशंकपणें पाजलें जातें! त्यांतील क्षारांचा थर बारीक नळ्यांत बसतो, ॲल्युमिनियमला गंज चढतो, आणि पुढच्या उन्हाळ्यांत तीच गाडी पुन्हां पाणी फेकूं लागते. जुन्या लॉरीवाल्यांच्या गाडीला छागल टांगलेली असे. तिच्याऐवजीं आज बॅटरीच्या दुकानांत मिळणारें शुद्ध पाणी दोन लिटर आणि गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचें कूलंट बरोबर असावें. निरुपायानें खारें पाणी घातलेंच, तर मुक्कामीं पोंचतांच तें सर्व काढवून आंतील भाग धुववून घ्यावा.

वाटेंत कांटा तांबड्या खुणेकडे सरकूं लागला तर वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण सोडावा. अकोल्याच्या मे महिन्यांत हा सल्ला थट्टेचा वाटेल, परंतु हीटर म्हणजे दुसरा लहान रेडिएटरच आहे. तरीहि कांटा न उतरला तर सावलींत थांबून इंजिन बंद करावें, आणि निदान अर्धा तास झांकणास हात लावूं नये. वरची नळी फडक्यानें दाबून पाहावी. ती टणक असेल तर दाब अद्याप आंत आहे. तसें झांकण उघडल्यास १०० अंशांहून तप्त द्रवाची क्षणांत वाफ होऊन ती तोंडावर येते. विजेचा पंखा इंजिन बंद असतांहि आपोआप फिरूं लागतो, हेंहि ध्यानांत असावें.

जमिनीवर सांडलेलें कूलंट तसेंच सोडूं नये. त्याची चव गोड असते आणि त्यांतील एथिलीन ग्लायकॉल विषारी असतें. कुत्रीं-मांजरें तें चाटतात, आणि थोडक्यानेंहि दगावतात. त्यावर माती टाकून ती गोळा करावी. उरलेलें कूलंट पाण्याच्या बाटलींत तर कधींच भरून ठेवूं नये. तें मूळच्या डब्यांतच, मुलांचा हात न पोंचेल अशा फळीवर असावें.