रात्री थोरल्या दवाखान्यात कधी जायचं?

आजचा विषय आपल्या सीपीआरचा, म्हणजे जुन्या कोल्हापूरकरांच्या थोरल्या दवाखान्याचा. त्यातही तिथल्या अपघात विभागाचा, ज्याला आपण सगळे कॅज्युअल्टी म्हणतो.

इथं फक्त शहरातले पेशंट येत नाहीत. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याहून येतात, घाट चढून कोकणातूनही येतात. आता त्याच दारात चार दिवसांची सर्दी, संपलेल्या बीपीच्या गोळ्या आणि दाखवायचे राहिलेले रिपोर्ट घेऊन गर्दी झाली, तर डॉक्टरांची मिनिटं वाटली जातात. अपघातातल्या पेशंटला तीच मिनिटं हवी असतात.

पण हे लोक हौसेनं येतात का? अजिबात नाही. ओपीडी सकाळची. तेव्हा गेलं तर दिवसाची हजेरी बुडते. रात्री उघडं दिसतं ते हेच दार. म्हणून नावं ठेवण्यापेक्षा दुसरी दारं माहीत असलेली बरी.

साधा ताप, खोकला, जुनं दुखणं असेल तर जवळचं नागरी आरोग्य केंद्र, महापालिकेचं सावित्रीबाई फुले किंवा पंचगंगा रुग्णालय, गावाकडं प्राथमिक आरोग्य केंद्र. सल्लाच हवा असेल तर 104 नंबर. ई-संजीवनीवर तर मोबाईलवरून डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. आणि गोळ्या संपायच्या आधीच आणायच्या, रात्री दहाला आठवायचं नाही!

आता उलटी बाजू, आणि ही जास्त महत्त्वाची. छातीत दडपण, धाप, अचानक तोंड वाकडं होणं किंवा हात लुळा पडणं, फिट, बेशुद्धी, न थांबणारं रक्त, सर्पदंश, विषबाधा... इथं थांबायचं नाही. ‘गॅस झाला असंल’ म्हणत सोडा पीत बसू नका. थेट 108. महाराष्ट्रात 2014 पासून ही ॲम्ब्युलन्स सेवा मोफत आहे. आणि तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस यांच्या बाबतीत शंका आली तरी जायचंच.

तिथं गेल्यावर ‘आम्ही आधी आलोय’ म्हणून आवाज चढवू नका. कॅज्युअल्टीत नंबर चिठ्ठीवर नाही, जिवाच्या धोक्यावर लागतो. आपल्याला थांबायला सांगितलं, म्हणजे आपला पेशंट त्यातल्या त्यात बरा आहे.

फोन हातात आहेच. 108 आणि 104 आत्ताच सेव्ह करा, आणि घरातल्या आजीच्या फोनमध्येसुद्धा. भेटू पुढच्या भागात!