आधी विचारावे
(वार्षिक संमेलनातील भाषण)



गतवर्षी आप्तांस भेटून आम्ही साताऱ्याहून मोटारीने पुण्यास परतत होतो. चाकांच्या खुर्चीवर वावरणारे आमचे एक स्नेही शेजारी मूक बसले होते. नीरेचा पूल ओलांडल्यावर ते म्हणाले, "पायऱ्यांपाशी चौघांनी मला उचलले. प्रेमानेच, पण कोणी विचारले नाही."

त्या चौघांत आम्हीही होतो. आम्ही निरुत्तर झालो.

सार्वजनिक वास्तूंत दिव्यांगांस सुगम प्रवेश असावा, हे २०१६ च्या कायद्याने मान्य केले आहे. एक फूट उंचीस बारा फूट लांबीचा उतार लागतो. आपल्या ज्ञातिगृहाचा चौथरा दोन फुटांचा. म्हणजे चोवीस फूट. अंगणात तेवढी जागा आहे.

तो उतार यंदाच बांधावा. आणि तोवर हात लावण्यापूर्वी विचारावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.