लोकांचे झाले म्हणून टिकले
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे मराठी शाळा चालवणे किती कठीण असते, हे आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणूनच आजच्या विषयासाठी मी तंजावरचे उदाहरण घेतले आहे. तेथे मराठी माणसे तीन शतकांहून अधिक काळ तमिळ भूमीत नांदत आली. प्रादेशिक वारशाचे जतन करताना सार्वजनिक संस्था काय साधू शकते आणि तिचे बळ कोठे अपुरे पडते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तेथील सरस्वती महाल ग्रंथालय देते.

नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या या संग्रहाला खरी समृद्धी आली ती 1798 ते 1832 या काळात राज्यपद भूषवणाऱ्या दुसऱ्या सरफोजीराजांमुळे. काशीयात्रेतही त्यांनी ग्रंथ मिळवले. त्यांच्या छापखान्यातून इसापच्या गोष्टींचे 'बालबोधमुक्तावली' हे मराठी रूपांतर प्रसिद्ध झाले. मराठी मुलांसाठी छापलेले हे आरंभीचे पुस्तक तमिळ देशात निघाले, याचा आपल्यासारख्या शाळेला विशेष आनंद वाटावा.

1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्र नसताना निवर्तले आणि कंपनी सरकारने संस्थान खालसा केले. राजघराण्याची खाजगी मालमत्ताही जप्त झाली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी न्यायालयात दाद मागितली. परंतु 1859 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे राज्यसत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयाच्या कक्षेबाहेरचे ठरवले. पुढे 1862 मध्ये सरकारनेच मालमत्ता कुटुंबास परत केली. सत्तेच्या एका हुकुमाने जे जाते, ते दुसऱ्या हुकुमाने परत येते. अशा अनिश्चिततेत ज्ञानभांडार किती पिढ्या अखंड राहणार?

त्यावर 1918 मध्ये उपाय झाला. मद्रास सरकारने ग्रंथालय ताब्यात घेऊन ते सर्वांसाठी खुले केले. राजाचे ग्रंथालय प्रजेचे झाले, आणि मला वाटते, म्हणूनच ते टिकले. पुढे 1983 मध्ये भारत सरकारने त्याला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली. आज तेथे सुमारे 49,000 हस्तलिखिते आहेत. त्यांतील बहुसंख्य संस्कृत असून मराठी हस्तलिखिते सुमारे 3,000 आहेत. ताडपत्रांना गवती चहाचे तेल लावणे, जीर्ण कागदांना पातळ आवरण देणे, मायक्रोफिल्म करणे, सूची छापणे ही कामे संथ, खर्चिक आणि प्रसिद्धीविना चालणारी असतात. एखाद्या घराण्याच्या किंवा हौशी मंडळाच्या आवाक्यात ती पिढ्यान्‌पिढ्या राहत नाहीत. त्यासाठी कायद्याचा आधार आणि नियमित अनुदान असलेली संस्थाच हवी. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेखही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणामुळे आज सुस्थितीत आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. या मराठी ठेव्याचा भार तमिळनाडू शासनाने आणि तमिळ विद्वानांनी वाहिला आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांचे तमिळ अनुवादही प्रसिद्ध केले. वारसा केवळ एका भाषेच्या लोकांचा नसतो. ज्या भूमीत तो घडला, त्या भूमीचाही असतो.

मात्र संस्थेचे बळ येथेच संपते. ती कागद राखील. त्याला वाचक देणे तिच्या हाती नाही. अन्नछत्रांचे खर्च, चाकरांचे पगार, दरबारचा पत्रव्यवहार सांगणारे मोडीतील गठ्ठे कपाटांत सुरक्षित आहेत, पण ते वाचू शकणारी माणसे थोडी. कसरीपासून वाचलेला कागद अज्ञानामुळे मुका राहिला, तर ते जतन अर्धेच म्हटले पाहिजे.

उरलेले अर्धे काम शाळेचे आणि घराचे आहे. म्हणून महोत्सवी वर्षात तीन संकल्प सुचवतो. वरच्या इयत्तांसाठी आठवड्याला एक तास मोडीचा ठेवावा. शाळेची पहिली हजेरीपुस्तके, सभांची इतिवृत्ते, जुनी छायाचित्रे यांची सूची करून एक प्रत राज्याच्या अभिलेखागाराकडे सोपवण्याची विनंती करावी. आणि माजी विद्यार्थ्यांनी घरच्या पेटीतील जुनी पत्रे रद्दीत देण्यापूर्वी एकदा शाळेला दाखवावीत.

शासनाने कपाट द्यावे. त्यातले वाचणारी मुले आपण द्यावीत.